थांबलेल्याला त्वरण कसलं? सातपूरच्या काकांना उत्तर

नमस्कार काका, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी परत वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन सोडून द्यावं असं तुम्ही लिहिलेलंच नाही, म्हणून उत्तर जरा लांबतंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एसएचएमच्या (सिंपल हार्मोनिक मोशन, म्हणजे मध्याभोवती ठरावीक पद्धतीने पुढे-मागे होणारी हालचाल) लेखात मी झोक्याचं उदाहरण दिलं होतं आणि लिहिलं होतं की मध्यावर वेग सगळ्यात जास्त आणि त्वरण शून्य, टोकाला वेग शून्य आणि त्वरण सगळ्यात जास्त. काकांचं म्हणणं असं की लहानपणी म्हसरूळला नागपंचमीला चिंचेला बांधलेला झोका घेतलाय, अंग जड होतं ते खाली, मध्यावर, टोकाला तर उलट हलकं वाटतं, मग त्वरण टोकाला जास्त कसं? आणि जी वस्तू क्षणभर थांबलीच आहे तिला त्वरण कसलं? "पोरांना चुकीचं शिकवू नका" हेही लिहिलंय.

आधी जिथे तुमचं बरोबर आहे ते. झोका सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातो. मध्यावर त्याचा वेग वाढत नसतो आणि कमी पण होत नसतो हे खरं, पण दिशा वळत असते, आणि दिशा वळवायलाही त्वरण लागतंच, ते वर दोरीच्या दिशेने असतं. मी सरसकट "मध्यावर शून्य" लिहिलं ते झोक्याला लागू पडत नाही. ती चूक माझी आणि ती तुम्ही पकडलीत.

आता किती ते बघा, कारण खरी मजा आकड्यांतच आहे. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात तुळईला टांगलेला झोपाळा आहे, साखळी धरा 2 मीटर. तो 20 अंशांपर्यंत नेऊन सोडला तर टोकाला त्वरण साधारण 3.35 मीटर प्रति सेकंद वर्ग येतं आणि मध्यावर फक्त 1.2 च्या आसपास, म्हणजे टोकाचंच जास्त. पण झोका जसजसा उंच जातो तसतसं मध्यावरचं त्वरण भराभर वाढतं आणि 53 अंशांच्या थोडं पुढे दोन्ही सारखी होतात, दोन्हीकडे गुरुत्वाच्या 0.8 पट. त्याच्याही वर गेलात की मध्यावरचं जास्त! चिंचेच्या झोक्यावर उभं राहून पोरं जेवढा उंच चढवतात तेवढ्यात हे सहज होत असेल, म्हणजे तुमच्या त्या झोक्यापुरतं तुमचं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा खरं ठरतं.

पण काका, अंगाला जड वाटणं म्हणजे त्वरण जास्त असणं, हे मात्र मला मान्य नाही. आज सकाळी मी मुद्दाम रद्दीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा घेतला, त्याला लिटरभर पाण्याची बाटली लटकवली आणि हातात धरून झोपाळ्यावर बसलो. मध्यावरून जाताना काटा 1100 ग्रॅमच्या पुढे जायचा, टोकाला 1000 च्या खाली यायचा. तुम्हाला वाटतं तसंच. पण दुसरी एक गोष्ट दिसली ती जास्त महत्त्वाची, बाटली टोकालाही जवळजवळ साखळीला समांतरच राहत होती, सरळ खाली जमिनीकडे लोंबत नव्हती. कारण टोकाला झोक्याला मागे ओढणारं गुरुत्वच असतं, आणि ते झोपाळा, मी, काटा, पाणी सगळ्यांना एकदमच ओढतं, कुणी कुणाला ढकलत नाही, म्हणून अंगाला काही कळतच नाही. मध्यावर मात्र फळीला आपल्याला खालून रेटावं लागतं आणि तो रेटा बसल्या जागी जाणवतो. आपल्याला कळतो तो रेटा, त्वरण नाही. मोबाईलमधला अॅक्सिलरोमीटर झोक्यावर नेला तर तोही टोकाला हलकंच दाखवेल, त्यालाही रेटाच कळतो.

राहिला दुसरा मुद्दा, थांबलेल्याला त्वरण कसलं. तुम्ही लिहिलंय की पंचवीस वर्षं इंजिनच्या पार्टमध्ये काढलीत, म्हणून तुमच्याच कामातलं सांगतो. स्ट्रोक (पिस्टनचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास) 50 मिमी धरा, म्हणजे पिस्टनला वर-खाली करणाऱ्या क्रँकची त्रिज्या 25 मिमी, आणि इंजिन 6000 आरपीएमवर. पिस्टनचा सगळ्यात जास्त वेग साधारण 15.7 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 56-57 किलोमीटर. टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, त्याच पिस्टनचा वेग शून्यावर येतो, आणि तिथे त्वरण किती? ओमेगा (क्रँकचा फिरण्याचा वेग, रेडियन प्रति सेकंदात) वर्ग गुणिले त्रिज्या, जवळजवळ 9900 मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाच्या हजारपट! 100 ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी 100 किलो वजन टांगल्यासारखा कनेक्टिंग रॉडला ओढतो, आणि एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वरून दाबायला गॅसचं प्रेशर पण नसतं, म्हणून रॉड खरा ताणला जातो तो तिथे. (रॉड क्रँकच्या चौपट लांब धरला तर टीडीसीला हे अजून पाव हिश्श्याने वाढतं आणि बीडीसीला (सगळ्यात खालच्या टोकाला) तेवढंच कमी होतं, पिस्टन तंतोतंत एसएचएम करत नाही हे तुम्हाला मी सांगायला नकोच.) पिस्टन वर "थांबला" म्हणून त्वरण शून्य धरलं आणि त्या हिशोबाने रॉड बनवला तर तो पहिल्या दिवशीच तुटेल.

वेग म्हणजे आत्ता किती जोरात चाललंय, त्वरण म्हणजे तो वेग किती झपाट्याने बदलतोय. टोकाला वेग शून्य असतो पण एका क्षणाआधी तो वर होता आणि एका क्षणानंतर खाली आहे, बदल चालूच आहे ना. तिथे त्वरणही शून्य असतं तर पिस्टन वरच राहिला असता, परत आलाच नसता.

लेखातलं झोक्याचं उदाहरण मी काढत नाहीये, कारण पोरांना झोका लगेच कळतो. पण आज त्यात "झोका लहान कोनात हलत असेल तर, आणि कमानीच्या दिशेचं त्वरण" एवढे शब्द घातलेत, खाली 53 अंशांचा हिशोब जोडलाय, आणि तो एका सातपूरच्या वाचकांमुळे आलाय असंही लिहिलंय. त्यात अजून काही खटकलं तर नक्की लिहा, आणि पंचवटीत आलात तर झोपाळा आणि ताणकाटा दोन्ही आहेत, आपण बसून मोजू.