साहेबासारखी ट्राउट कशी धरावी

ट्राउट हा विलायतेतल्या थंड नद्यांतला मासा. ती इथे धरायची असेल तर पहिलं काम म्हणजे ती नदीत नेऊन सोडणं. हसू नका. तुम्ही आहात राणीच्या राज्यातले साहेब, नेमणूक झालीय घरापासून हजारो मैलांवर, आणि समोर नदी वाहतेय. थंडगार, नितळ, खळाळती. मासेही आहेत तिच्यात, पण ते पडले तिथलेच. तिथल्या माशाला काय आणि तिथल्या माणसाला काय, गळ घालणं साहेबाला शोभत नाही.

तेव्हा विलायतेहून अंडी मागवा, आणि धीर धरा. काश्मीरसाठी १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्डकडून दहा हजार अंडी निघाली. घराणं इतकं चांगलं, तरी एकही जगलं नाही. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल साहेबांनी नाद सोडला नाही. १९०० मध्ये दुसरी खेप आली आणि ती तगली. त्याआधी निलगिरीत फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरांनी १८६० च्या दशकातच हा खटाटोप करून पाहिला होता, पण तिथे माशी शिंकली. (ही माशी लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.)

पिल्लं मोठी होईपर्यंत रिकामे बसू नका. आधीपासून नदीत राहणाऱ्यांचं बारसं उरकून घ्या. काश्मीरच्या ओढ्यांतला मूळचा मासा खरं तर आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातला, ट्राउटशी त्याचं दूरचंही सोयरं नाही. त्याला म्हणा 'स्नो ट्राउट'. महसीरही त्याच गोतातला. त्याला म्हणा 'इंडियन सॅल्मन'. ज्याची आठवण येते त्याचं नाव समोर दिसेल त्याला चिकटवायचं. या बाबतीत आमच्या पुण्याकडे कर्नल साइक्स जरा कच्चे निघाले. मुळा-मुठेतल्या महसीराची त्यांनी १८३९ मध्ये नोंद केली आणि इथल्या लोकांच्या तोंडचं 'खुद्री' हे नाव माशाच्या लॅटिन नावाच्या शेपटाला तसंच ठेवून दिलं. साहेबाने इतकं मऊ राहून चालत नाही.

आता हत्यारं. आमच्याकडे कृष्णाकाठची पोरं निरगुडीचा फोक, दोरा, गळ आणि कणकेची गोळी यांवर भागवतात. कणीक घरून चोरलेली. तुम्हाला हे जमणार नाही. तुमच्या काठीचं लाकूड ग्रीनहार्ट, तेही ब्रिटिश गयानातून आलेलं. नाहीतर कलकत्त्याचा बांबू विलायतेला न्या, तिथे त्याच्या कांबी काढून चिकटवा, पितळी टोपण चढवा आणि तीच काठी पुन्हा हिंदुस्थानात आणा. बांबूला तेवढाच परदेश प्रवास घडतो.

आणि आमिष? गांडुळाचं नाव काढाल तर क्लबात कोणी शेजारी बसणार नाही. आमिष म्हणजे माशी, आणि ती जिवंत नव्हे, गळावर पिसं गुंडाळून बांधलेली. सॅल्मनसाठी, म्हणजे ट्राउटच्याच गोतातल्या, समुद्रातून नदीत येणाऱ्या माशासाठी, 'जॉक स्कॉट' नावाची प्रसिद्ध माशी आहे. हिला मोर लागतो, माळढोक लागतो, तणमोर लागतो. शहामृग, टूकन आणि निळ्या मकाव पोपटाचीही पिसं लागतात. शेपटाला 'इंडियन क्रो' लागतो. हा पक्षी दक्षिण अमेरिकेतला. तो इंडियनही नाही आणि कावळाही नाही. बारशाबद्दल मी मघाशी म्हणालो ते उगीच नव्हे. आणि दोन्ही बाजूंना लागतं रानकोंबड्याचं पीस. आपल्या सह्याद्रीतला तोच तो राखी रानकोंबडा, महाबळेश्वरला भल्या पहाटे जाळीतून ओरडतो तो. त्याच्या मानेचं एक पीस बोटावर घेऊन बघा. काळपट, करड्या रेघांचं, आणि टोकाकडे लाखेचा थेंब गळून सुकावा तसा पिवळट, चकचकीत, नखाला कडक लागणारा ठिपका. जावळीच्या रानात या ठिपक्यावर कोंबडी भाळते. स्कॉटलंडमध्ये सॅल्मन भाळावा अशी अपेक्षा असते. गंमत म्हणजे नदीत शिरलेला सॅल्मन काही खात नाही. म्हणजे देशोदेशींचे पक्षी सोलायचे, ते उपाशी राहायचं ठरवून आलेल्या माशासाठी. आपल्याकडे रिकामा माणूस माश्या मारतो. साहेब बांधतो, एवढाच काय तो फरक.

नदीवर जाताना बरोबर शिकारी हवा. डबा, जाळी, कोट आणि तुम्ही, असं सगळं पलीकडच्या काठाला पोचवण्याची जबाबदारी त्याची. मासा कुठल्या खडकाआड उभा आहे हे त्यालाच ठाऊक असतं. तो बोट दाखवील तिथे माशी टाका. मासा लागला तर तुमचं कसब, सुटला तर त्याचा धांदरटपणा. संध्याकाळी वहीत वजन लिहा, पौंड आणि औंसांत. शिकाऱ्याचं नाव लिहायला त्या वहीत रकाना नसतो.

काठावरच्या लोकांचं काय, हा प्रश्न उरतोच. ते जाळं लावतात, बांध घालतात, पाण्यात रानातली फळं कुटून टाकतात, आणि धरलेला मासा चक्क खातात. यात खेळाडूपणा कुठे आहे? ब्रिटिश मुलुखात १८९७ चा मासेमारीचा कायदा तुमच्या मदतीला आहे. पाण्यात सुरुंग उडवला किंवा विष घातलं तर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. सुरुंगाला बंदी रास्तच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त सुरुंगाची दारू गावात कोणाच्या सडकेबरोबर आली, एवढं विचारू नका. पोटासाठी मासा मारणारा तो चोर आणि करमणुकीसाठी मारणारा तो निसर्गप्रेमी, हे एकदा अंगवळणी पडलं की बाकी सगळं सोपं आहे.

आणि ट्राउटने समाधान होत नसेल, सॅल्मनच हवा असेल, तर ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाचा कित्ता गिरवा. आधीचे प्रयत्न फसल्यावर १८६४ साली विलायतेहून 'नॉरफोक' जहाजातून सॅल्मनची लाखभर अंडी निघाली. लहान लहान लाकडी पेट्या, आत ओलं शेवाळ, भोवती बर्फाची कोठी, तीन महिने समुद्र. निघता निघता ट्राउटची दोन-तीन हजार अंडीही कोणीतरी दिली, असू द्यावीत म्हणून. तिकडे टास्मानियात प्लेंटी नदीच्या काठी तळी खणून तयारच होती. ट्राउट जगली, वाढली, पुढे न्यूझीलंडलाही गेली. सॅल्मनही फुटले, बोटभर झाले, आणि रीतीप्रमाणे नदीतून समुद्राकडे निघाले. जन्मलेल्या नदीत परत येणारा मासा अशी त्यांची ख्याती, म्हणून सगळे काठावर डोळे लावून बसले. एकही परतला नाही.

तळ्यांचं नाव मात्र आजही 'सॅल्मन पाँड्स'च आहे.