शिरा, पट्टा आणि छातीचं माप

भित्र्या कुत्र्याला गळ्यात पट्टा लावावा की छातीला हार्नेस, यावर कोल्हापुरात एकमत व्हायचं नाही. तांबडा आधी ओढायचा की पांढरा, यावर झालं नाही तिथं हे काय होणार! मत मात्र प्रत्येकाला आहे. ज्यानं जन्मात मांजर पाळलेलं नाही असा माणूसही सकाळी रंकाळ्यावर फेरी मारता मारता थांबतो, आमच्या शिराकडं बघतो आणि म्हणतो, "पट्टा काढा ओ तो, गळा आवळतोय तिचा." हार्नेस घालून नेलं तर त्याच्या मागून येणारा म्हणतो, "हे जाकीट कशाला घातलंय? साधा पट्टा लावा की." दोघांचं मानायचं म्हटलं तर एकच मार्ग उरतो. कुत्रं घरी ठेवायचं आणि आपणच फिरून यायचं. शिराचं स्वतःचं मतही नेमकं हेच आहे.

शिरा गडहिंग्लजजवळच्या मामांच्या मळ्यातली. आई कारवानी, म्हणजे लांब तोंड, खोल छाती, कंबर नसल्यात जमा. बाप कोण ते त्या मळ्यालाच ठाऊक. रंग तुपात खरपूस भाजलेल्या रव्याचा, म्हणून नाव शिरा. मामांनी पिल्लू देताना सांगितलं होतं, "राखणीला एक नंबर. रातीला पान हलू देणार न्हाई." आता रात्री पान हललं की ती मला उठवते, ही गोष्ट खरी. पण ती कॉटखालून उठवते.

खानदान तसं मोठं आहे. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही कारवानी शिकारी कुत्री निगुतीनं वाढवली, म्हणून त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली डाक खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. २०१६ मध्ये लष्करानं मुधोळ कुत्र्यांना मेरठला प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. म्हणजे शिराची लांबची भावंडं आज सैन्यात आहेत, आणि ही घंटागाडीचं गाणं लागलं की थरथरते. तिला छत्रीची भीती वाटते. हेल्मेट घातलेल्या माणसाची वाटते, आणि त्यानं हेल्मेट काढलं की आतून निघालेल्या माणसाची जास्त वाटते. उडणारी कॅरीबॅग, पत्र्याचं शटर, कुकरची तिसरी शिट्टी. पहिल्या दोन चालतात.

तर आधी पट्टा. पट्टा लावायला सोपा, एवढा एक गुण त्याचा मान्य केलाच पाहिजे. नियम असा की पट्ट्याखाली आपली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. हा नियम ज्यानं केला त्याच्याकडं लॅब्रॅडॉर असणार. लॅब्रॅडॉरचं डोकं भलं थोरलं, त्यामुळं पट्टा कानांपाशी अडतो. शिराचं डोकं मानेपेक्षाही निमुळतं. दोन बोटं आत जातील एवढा पट्टा ढिला ठेवला, की त्याच वाटेनं तिचं डोकं बाहेर येतं.

हे ज्ञान मला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर झालं. तिथं म्हशी रस्त्यातच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. एक म्हैस शिंकली. भ्यालेलं कुत्रं पुढं पळतं असा आपला समज असतो, आणि आपण त्या बेतानं दोरी घट्ट धरून पाय रोवून उभे राहतो. भ्यालेलं कुत्रं मागं जातं. कान पाडून, मान खाली घालून, पुढचे पाय ताठ करून ते रिव्हर्स घेतं. पुढच्या क्षणी माझ्या हातात दोरी होती, दोरीला पट्टा होता आणि पट्ट्यात कोणीच नव्हतं. दुधाच्या मिशा पुसत एकानं अगदी आपुलकीनं विचारलं, "पाव्हणं, कुत्रं कुठाय?"

कुत्रं एका टेम्पोखाली होतं. बाहेर यायला त्यानं म्हशी घरी जाईपर्यंतचा वेळ घेतला.

मग पट्टा आवळून बघितला. आवळला की ती खोकते. डॉक्टरांकडं नेलं, तर ते म्हणाले, कुत्र्याची श्वासनळी कूर्चेच्या कड्यांची असते. पट्ट्याला सारखे हिसके बसले की तिला इजा होते, डोळ्यांतला दाबही वाढतो. शिवाय भित्र्या कुत्र्याचा हिशेब वेगळा असतो. समोर छत्री दिसली आणि त्याच वेळी गळा आवळला गेला, तर कुत्र्याच्या डोक्यात छत्रीच्या नावावर गळा आवळल्याचा गुन्हा नोंदवला जातो. पुढच्या खेपेला छत्री दिसायचा अवकाश, गळा आपोआप दुखतो. हे ऐकताना शिरा डॉक्टरांच्या टेबलाखाली होती आणि मी दोरीला हिसका बसू नये म्हणून अर्धा टेबलाखाली.

चप्पल लाईनीतल्या एका कारागिराकडं गेलो. लांब मानेच्या कुत्र्याला रुंद पट्टा बरा, दाब एका जागी येत नाही, असं कळलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीतून मान वर न काढता विचारलं, "नंबर किती?" मी म्हटलं, "कुत्र्याच्या गळ्याला आहे." ते म्हणाले, "ते कळलं ओ. नंबर किती?" शेवटी सुतळीनं माप घेऊन गेलो. पट्टा मात्र असा देखणा झाला, की शिराच्या गळ्यात तो बघून बायको म्हणाली, "याच चामड्याची मला पायताणं का नाही आणलीत?"

मधल्या काळात मुलीनं मार्टिंगेल नावाचा पट्टा ऑनलाइन मागवला. त्याला एक जादा फास असतो. कुत्रं मागं सरलं की तो फास ओढला जातो आणि पट्टा डोक्यातून निघणार नाही इतकाच आवळतो, त्यापुढं आवळत नाही. निमुळत्या डोक्याच्या शिकारी कुत्र्यांसाठी हे डोकं चांगलं चालवलंय. तो निघत नाही हेही खरं. पण शेवटी दाब येतो तो गळ्यावरच, आणि छत्र्या काही कमी होत नाहीत.

याच कोल्हापुरात संस्थानी काळात शिकारीसाठी चित्ते पाळत. डोळ्यांवर टोपी चढवून चित्तेवान त्यांना दोरीवर घेऊन जात, आणि लोक बघायला उभे राहत. माझ्या दोरीवरचं जनावर बघायलाही लोक उभे राहतात. टोपी शिराला घालावी की मी स्वतः घालून घ्यावी, एवढाच विचार अधूनमधून मनात येतो.

म्हणून मग हार्नेस. हार्नेसला माप लागतं. पुढच्या पायांच्या मागं छातीचा जिथं सगळ्यांत जास्त घेर असतो तिथून टेप फिरवायची. शिराला टेपची भीती वाटते हे त्या दिवशी कळलं. आई देवपूजा करत होती. मी कॉटखाली टेप घेऊन आडवा, मुलगी वही घेऊन बाहेर, मी आकडे ओरडतोय. आईनं घंटा खाली ठेवली आणि म्हणाली, "ब्लाऊज शिवायला टाकतोयस काय रे तिला?"

माप आलं, पण हिच्या अंगाला बसेल असा साईजचा तक्ता जगात नाही. छाती लार्ज, कंबर स्मॉल. छातीला बसेल तो घ्यावा, तर मागं सरकली की त्यातून पुढचे पाय काढून ही मोकळी. दोन पट्ट्यांचा हार्नेसही रिव्हर्समध्ये निघतो, हे दुकानदार सांगत नाही. त्यासाठी बरगड्यांच्या मागं, पोटाला तिसरा पट्टा असलेला हार्नेस मिळतो. तिथं कारवानी कंबर बारीक होते, त्यामुळं तो पट्टा छातीवरून पुढं येऊ शकत नाही. आणि पुढून तो इंग्रजी वाय अक्षरासारखा हवा, म्हणजे खांदे मोकळे राहतात. खांद्यांवरून आडवा पट्टा जाणाऱ्यात पाऊल आखडतं. असा हार्नेस शोधला, पैसे भरले, पार्सल आलं. मुलीनं उत्साहानं त्याचा वेल्क्रो उघडला. चर्रर्र!

शिरा त्या दिवशी जेवायला बाहेर आली नाही.

पट्टा लागतो पण राहत नाही. हार्नेस राहतो पण लागत नाही. भित्र्या कुत्र्याच्या बाबतीतला सगळा घोळ या दोन वाक्यांत आहे, आणि रंकाळ्यावरचे तज्ज्ञ यातलं एकेकच वाक्य धरून बसतात. डोक्यावरून काहीतरी चढतंय म्हटल्यावर भित्र्या जिवाचं पाणी पाणी होतं, वर कानाशी बकल टक्कन वाजतं. वेल्क्रोचा हार्नेस परत गेला, बकलचा आला. तो आठवडाभर नुसता फरशीवर पडून होता आणि त्याच्या भोवती कलेजीचे तुकडे. मग कलेजी हार्नेसच्या आत. मग हार्नेस हातात धरायचा, पलीकडून कलेजी दाखवायची, म्हणजे डोकं तिनं आपण होऊन घालायचं. मटणवाला एकदा म्हणाला, "सायेब, रोज कलेजी? रक्त कमी झालंय का घरात कुणाचं?" मी म्हटलं, "धीर कमी झालाय." त्यानं दोन तुकडे जादा टाकले.

शेवटी तिनं डोकं घातलं. बकल लागलं. आणि शिरा जागच्या जागी पुतळा झाली. हलेना, बसेना. डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, ओठ चाटतेय, जांभया देतेय. कुत्र्याची जांभई दर वेळी झोपेची नसते, पण आई म्हणाली, "दमली बिचारी कपडे करून."

त्याच सुमारास मामा आले होते. त्यांनी हार्नेस उलटापालटा करून बघितला, पाठीवरची कडी ओढून बघितली आणि निकाल दिला. "अरं, बैलाकडनं वढून घ्यायचं असलं तर जू कुठं ठेवतोस? खांद्यावर. आणि आवरायचा असला तर? नाकात येसण. तू खांद्याला बांधून आवराय बघतोयस. ही तुलाच वढत न्हील." मामा शाळा सोडून फार शिकले नाहीत, पण हे अगदी बरोबर होतं. बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेसच असतो. गळा मोकळा, छातीचं सगळं बळ वापरायला मिळतं. म्हणून दोरी पाठीवर न अडकवता छातीवरच्या कडीला अडकवायची. कुत्रं ओढायला लागलं की ते आपोआप बाजूला वळतं आणि जोर जातो.

फक्त शिराचं ओढणं एकमार्गी आहे. जाताना ती दगड असते. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायला इतका वेळ लागतो की लोकांचं दळण होऊन परत जातं. तिथं तिला ओढायचं नाही, हे मी शिकलोय. थांबायचं, ती बघेल तिकडं बघू द्यायचं, कलेजी द्यायची, नाहीतर मुकाट परत फिरायचं. आणि तोंड घराकडं वळलं रे वळलं, की मामांचं जू लागू होतं. त्या परतीच्या वाटेसाठी छातीवरची कडी.

आई दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाते. येताना कवठाची बर्फी आणते आणि या खेपेला एक मुद्दाही घेऊन आली. "दत्ताजवळ चार कुत्री असतात. एकाच्या तरी गळ्यात पट्टा बघितलायस? का हार्नेस?" मी फोटो नीट बघितला. खरंच नाही. दोरीसुद्धा नाही. पण चौघांपैकी एकाचीही शेपटी पोटाखाली गेलेली नाही, आणि मागं सायलेन्सरची पुंगळी काढलेली बुलेटही उभी नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर, आणि रंकाळ्यावर ते कुणी विचारत नाही, भित्र्या कुत्र्याला हार्नेसच घाला. तीन पट्ट्यांचा, वायच्या आकाराचा, छातीवर आणि पाठीवर कडी असलेला. पट्टाही असू द्या. त्यावर नाव आणि फोन नंबर लिहिलेला बिल्ला राहील. दोन्ही टोकांना हूक असलेली दोरी घ्या. एक हूक हार्नेसला, दुसरा आधाराला म्हणून पट्ट्याला, तोही ढिला. म्हणजे एकातून जनावर निसटलं तरी दुसऱ्यात राहतं. फिरायला येणारे दोघंही तज्ज्ञ आता एकदमच नाराज होतात, त्यामुळं वेळही वाचतो.

याची परीक्षा दिवाळीच्या तोंडावर झाली. फटाक्यांच्या दिवसांत कुत्र्याला पहाटे, आवाज सुरू व्हायच्या आत फिरवून आणावं म्हणतात, म्हणून अंधारातच निघालो होतो. पण पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात, सजवून, मोटारसायकलच्या मागं, आणि मोटारसायकलची पुंगळी काढलेली असते. आता पाडवा म्हटला की त्याला सराव आला, आणि सराव पहाटेच करायचा असतो. वळणावरून आधी आवाज आला, मग गाडी आली, मग गाडीच्या मागं शिंगं रंगवलेली म्हैस चौखूर आली. शिरानं रिव्हर्स घेतला. पट्टा ताणला गेला नाही, हार्नेस निघाला नाही, तिसरा पट्टा जागच्या जागी, दोन्ही हूक शाबूत. मग तिनं तोंड घराकडं वळवलं. छातीवरच्या कडीनं तिला वळवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण कडीच्या मागं मी होतो. माझ्या उजव्या पायातलं कोल्हापुरी रस्त्यात राहिलं, आणि त्याच्यावरून म्हैस गेली.

दुसऱ्या दिवशी उरलेलं एक पायताण पिशवीत घालून चप्पल लाईनीत गेलो. कारागीर वहीत लिहीत होते. मान वर न काढता त्यांनी विचारलं, "माणसाचं का कुत्र्याचं?"