तीन वायरी, सहा मतं

गो-कार्टची, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या उघड्या गाडीची चौकट, सीट, स्टिअरिंग जुळलं की मला वाटतं, आता फक्त वायरी जोडायच्या राहिल्या. या ‘फक्त’ने माझे जितके रविवार गिळले, तितके वेल्डिंगनेही नाही.

48 व्होल्ट, 1000 वॉटची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर. तिच्यातून पिवळी, हिरवी, निळी अशा तीन जाड वायरी निघतात. तिला चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातून, म्हणजे कंट्रोलरमधूनही, त्याच रंगांच्या. पण रंग जुळले म्हणून मनं जुळतातच असं नाही. मोटर कुठवर फिरली हे कंट्रोलरला कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या बारीक वायरी तशाच ठेवल्या तरी या तिघींच्या जोडण्या होतात सहा, आणि मोटरला पसंत असते एकच. बाकी पाचांत ती गुरगुरते, थरथरते, नाहीतर गुपचूप फिरत भलताच करंट पीत तापते. ही शेवटची सर्वांत लबाड. म्हणून करंट मोजणारा अँमीटर लावायचाच. रिकामी मोटर जेमतेम दोन-तीन अँपिअर घेते. त्याहून बरंच जास्त दिसलं की जोडणी चुकली. आणि सगळं सुरेख जमलं की कळतं, बाईसाहेब उलट्या फिरतायत! मग हॉलच्या दोन सिग्नल वायरींची अदलाबदल, आणि सहाचा पाढा पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं मागची चाकं अधांतरी उचलून. कारण थ्रॉटलची, म्हणजे वेगाच्या पेडलची, काळी (निगेटिव्ह) वायर तुटली तर सिग्नल 5 व्होल्टकडे उडी मारतो. शहाणा कंट्रोलर थांबतो, भोळा ‘पूर्ण वेग’ समजतो. म्हणून बॅटरीला खेटून 40 अँपिअरचा फ्यूज आणि हाताशी डीसीचाच स्विच. घरातल्या दिव्याचा एसी स्विच बसवलात तर आतली ठिणगी विझत नाही: स्विच बंद, गाडी चालू.

चेनच्या दातेरी चकत्या, म्हणजे स्प्रॉकेट: मोटरवर 11 दात, मागे 55. मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या उरल्या 600. 28 सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ताशी सुमारे 32 किलोमीटर. हसू नका, बूड जमिनीपासून चार बोटांवर असलं की 32 म्हणजे विमान. अर्थात चेन राहिली तर. उभ्या गाडीत दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत दिसतात. पेडल दाबलं की मोटरखालची पातळ पट्टी वाकते आणि चेन उतरते. पट्टी जाड घ्या, चेन मधोमध सेंटिमीटरभर हलू द्या.

वळणाचं दुखणं वेगळंच. मागचा दांडा अखंड, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल नाही. त्यामुळे स्टिअरिंग फिरतं आणि गाडी नाकासमोर जाते. पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो किंगपिन मागे कलता ठेवला की वळताना आतलं मागचं चाक हलकं होतं, मग वळते.

आता वळते. ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारा स्विच मात्र अजून डब्यातच आहे, तेव्हा चाकं पुन्हा अधांतरीच.