आमच्या गावात वर्षभरात गेलेली नऊ माणसं

भाद्रपदात माझ्या माहेरी आमच्या भावकीतली अक्का गेली. दहाव्याच्या आदल्या दिवशी वेशीत फ्लेक्स लागला. घरात तिचा धड एक फोटो नव्हता, म्हणून आधार कार्डावरचाच मोठा करून घेतलेला. त्यात ती दचकल्यासारखी दिसते. कार्ड काढताना कान दिसले पाहिजेत म्हणून तिला पदर मागे घ्यायला लावला होता. परक्या पोरासमोर डोक्यावरचा पदर सारायची तिच्या जन्मातली ती पहिली वेळ असणार. खाली जन्मतारीख १ जानेवारी १९५०. तीही तिची नाही. जन्माची तारीख माहीत नसली की १ जानेवारी टाकतात, शाळेची पायरी चढलेल्यांना १ जून मिळतो. आमच्या गावातले कितीतरी म्हातारे असे एकाच दिवशी जन्मलेले आहेत. ७२ च्या दुष्काळात अक्का सोळा वर्षांची नवी नवरी होती, हे ती स्वतः सांगायची. म्हणजे कार्डानं तिला सहा वर्षांनी म्हातारी करून टाकलं होतं. नावाच्या वर अमक्यांच्या मातोश्री, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

त्या फ्लेक्सखाली उभी राहिले आणि मला रडूच येईना. ही कोण बाई आहे, असं वाटलं.

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यातलं. काळं रान, रब्बीची ज्वारी, पाऊस आला तर आला. गेल्या वर्षभरात गावात नऊ माणसं गेली. मी सोलापुरात राहते, त्यातल्या चौघांच्याच मातीला पोहोचू शकले. बाकीच्यांचं मोबाईलवर कळलं. गावाच्या ग्रुपवर एक फोटो, त्याखाली चाळीस-पन्नास जोडलेले हात, आणि संध्याकाळपर्यंत त्याच ग्रुपवर कांद्याचा भाव. ज्यांनी हात जोडले त्यांच्या मनात काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्या पन्नास जणांपैकी एकानंही गेलेल्या माणसाबद्दल एक ओळ लिहिली नव्हती, हे मला सलतं आणि त्यासाठीच आज एवढं लांबलचक लिहितेय.

कारण पूर्वी असं नव्हतं. माझ्या लहानपणी मयताच्या घरी बाया गळ्यात पडून रडायच्या, आणि नुसत्या रडायच्या नाहीत, बोलत रडायच्या. 'माझ्या बाळंतपणाला रातीच्या पावसात कंदील घिऊन आलीस गं.' 'पेरायला बी न्हवतं तवा वटा भरून दिलंस गं.' 'सासू मारायला लागल्यावर तुझ्याच दारात आले गं.' एक थांबली की दुसरी उचलायची. आम्ही पोरी भिंतीला टेकून ऐकायचो. ज्या म्हातारीला आपण नुसती ओट्यावर बसलेली बघितली, तिनं काय काय केलं हे आम्हाला तिच्या मयताच्या दिवशी कळायचं. नंतर शिकल्यासवरल्यावर मलाच त्या रडण्याची लाज वाटायला लागली. शहरातून जाणारी आम्ही माणसं रुमाल डोळ्याला लावून गप्प बसायला लागलो आणि आमचं बघून गावातल्या बायाही आवरतं घ्यायला लागल्या. आज मला वाटतं, गावाचा इतिहास त्या रडण्यात होता. जात्यावरच्या ओव्या तरी हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर जमवून ठेवल्या. मयताच्या घरातलं हे बोलणं कोण टिपणार होतं? ते ज्या दिवशी बोललं गेलं त्याच दिवशी संपलं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते. ग्रामपंचायतीत फॉर्म भरताना त्यात मयताच्या व्यवसायाचाही रकाना असतो. अक्काच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलं गेलं. मी तिथेच बसले होते, मलाही तेव्हा काही सुचलं नाही. आता सांगते ती काय करायची.

काढणीच्या आधी आमच्याकडे ज्वारी अजून उभी असते, तेव्हा ती एकटी रानात फिरायची. पाटात एक पाय, सरीत एक पाय, आणि नजर कणसावर. हातात कणीस घेऊन ती ते दाबून बघायची, दाण्याला नख लावायची, ताट किती जाड, पेरं किती लांब, बाजूची ताटं पडली तेव्हा हे उभं राहिलं का, हे सगळं बघून मग चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्या ताटाला उपटणाऱ्यांनी हात लावायचा नाही. ती कणसं वेगळी मोडून चुलीवरच्या धुरात टांगायची, आणि मग दाणे राखेत घोळून गाडग्यात. मालदांडी ही ज्वारी आमच्याकडे सगळेच पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात फोटो आले, भाषणं झाली. ते बी पिढ्यान्‌पिढ्या निवडलं कुणी? चिंध्या बांधत फिरणाऱ्या अशा बायांनीच. अक्का मालदांडीशिवाय हुरड्याची गुळभेंडी, लाह्यांची वेगळी, अशी मूठ-मूठ बीही बांधाकडेला दोन-दोन ओळी पेरून जगवायची. विकायला नव्हे. 'नासंल गं, म्हणून पेरायचं,' एवढंच तिचं उत्तर.

७२ ला दुष्काळी कामावर खडी फोडायला ती नव्या नवरीचा चुडा घालूनच गेली होती. दगडाच्या कपच्या उडून पहिल्या आठवड्यातच बांगड्या फुटल्या. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची मायलो ज्वारी, तांबडी, परदेशातून आलेली. ती ज्वारी हातात घेऊन तिच्या सासऱ्यानं विचारलं होतं, 'ही जनावराची हाय का माणसाची?' कदाचित तिथूनच ते बी जपण्याचं वेड आलं असेल. हा माझा अंदाज, ती असं कधी म्हणाली नाही.

आणि अक्का भांडखोर होती. बांधावरून सख्ख्या दिराशी अकरा वर्षं बोलली नाही. मोठ्या सुनेला तिनं सुखानं जगू दिलं नाही, हे त्या सुनेनं मला स्वतः सांगितलंय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते पटत नाही. नुसतं चांगलं बोललं की सगळे मेलेले एकसारखे होतात, प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. अक्का मनमिळाऊ नव्हती. ती होती तशीच मला हवी आहे.

दुसरे नाना. वस्तीतले, पाऊणशे उलटलेले. विहिरी खोदण्यात हयात गेली. पहार, सुरुंग, यारी, मुरूम संपला की मांजऱ्या, मग काळा पाषाण. गावातल्या कुठल्या विहिरीला किती परसावर, म्हणजे किती पुरुष खोलीवर, पाणी लागलं, कुठला झरा कुठल्या अंगानं येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या वडिलांकडे गावकीचं काम होतं. गावात कुणी मेलं की रात्री-अपरात्री पाहुण्यांच्या गावी चालत जाऊन मौतीचा सांगावा द्यायचा, आणि त्याबद्दल भाकरी. ती भाकरीसुद्धा दुरून पदरात टाकलेली. १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि वडिलांनी ते काम टाकलं. तेव्हा नाना आठेक वर्षांचे होते. 'बाप त्या दिवशी घरात जरा ताठ बसला होता,' असं ते सांगायचे.

या माणसाच्या मौतीची बातमी गावाच्या ग्रुपवर आली नाही. वस्तीच्या ग्रुपवर आली, गावाच्या नाही. सकाळी आठला नाना गेले, मला संध्याकाळी एका मैत्रिणीकडून कळलं. मुद्दाम नसेलही, कुणाच्या ध्यानात आलं नसेल. पण ज्याच्या बापानं साऱ्या गावाच्या मौती पायी वाहिल्या, त्याची मौत गावाच्या ध्यानात येऊ नये? ज्यांच्या विहिरींचं पाणी आपण प्यायलो, त्यांच्या मातीला आपण किती जण गेलो? हे वाचून गावातल्या काहींना राग येईल. येऊ दे. मीही गेले नव्हते.

मंगळवेढ्याच्या माणसाला तर हे विसरायचा अधिकारच नाही. चोखोबा इथेच गेले. गावकुसाच्या भिंतीचं काम चालू असताना भिंत कोसळली, साल १३३८ सांगतात. पुढं नामदेव महाराज आले, आणि ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलून पंढरपूरला नेली. महाद्वारासमोर समाधी आहे, आपण सगळे तिथं माथा टेकतो. ही कथा मी शेकडो कीर्तनांत ऐकली. त्या ढिगाऱ्याखाली चोखोबांबरोबरचे मजूरही होते, हे मात्र मला नाना गेल्यावर पहिल्यांदा लख्खपणे जाणवलं. त्यांचीही कुणी वाट बघत असेल. त्यांच्या हाडांना कुणी कान लावला नाही.

बांगडीवाली चाची रमजानच्या आधी आठ दिवस गेली. तिच्या हातून बांगड्या भरल्या नाहीत अशी लेक गावात नसेल. अंगठा आत दुमडून, तळवा असा चेपायची की बांगडी कधी चढली कळायचं नाही. 'हात सैल सोड, माझ्याकडं बघ, बांगडीकडं बघू नगस.' माझी धाकटी चुलती तिशीत विधवा झाली. बायांनी हातावर हात आपटून बांगड्या फोडल्या. कपचीचा व्रण अजून तिच्या मनगटावर आहे. दहाव्यानंतर दोन-तीन दिवसांनी चाची पाटी घेऊन आली, दार पुढं ओढलं, आणि काही न बोलता चुलतीच्या दोन्ही हातांत दोन-दोन हिरव्या बांगड्या भरल्या. आजी आडवी आली तशी म्हणाली, 'पोरीचा हात हाय, भिंतीचा खुंटा न्हाय.' पैसे घेतले नाहीत. पुढं २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्यामागचा पुढाकार आपल्याच करमाळ्यातला होता याचा मला अभिमान आहे. पण चाचीनं हे त्याच्या वीस वर्षं आधी, एकटीनं, दुसऱ्यांच्या घरात जाऊन केलं होतं.

एक पोरगा होता, चौतिशीचा. तो कसा गेला त्याचीच चर्चा गावानं महिनाभर केली, किती कर्ज होतं, कुणाचं होतं, आदल्या दिवशी कुणाशी काय बोलला. मी ते लिहिणार नाही. त्याच्या हातची डाळिंबाची गुटी वाया जायची नाही, हे मी लिहिणार. फांदीची साल अंगठीएवढी काढून, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक बांधायचा, आणि मग रोज जाऊन बघायचा, मुळ्या फुटल्या का. तेल्या रोगानं बाग गेल्यावर लोकांनी झाडं उपटून टाकली, तेव्हाही त्यानं चार झाडं ठेवली होती. त्याच्या लेकराला मोठेपणी बापाबद्दल विचारावंसं वाटेल. तेव्हा त्याला शेवटच्या दिवसाशिवाय दुसरंही काही मिळायला पाहिजे.

बाकीच्या पाच जणांबद्दल माझ्याकडे कमी आहे, आणि तो दोष माझा. मोटारसायकलवरून पंढरपूरहून येताना गेलेला दादा. उसतोडीला जाऊन-जाऊन कंबर मोडलेल्या दोन जावा, एकाच महिन्यात गेल्या. आमच्या शाळेची घंटा वाजवणारे मामा. आणि एक म्हातारी, जिला गावात सगळे तिच्या माहेरच्या गावाच्या नावानं हाक मारायचे. तिचं खरं नाव काय, हे तिच्या थोरल्या मुलालाही रेशन कार्ड काढून बघावं लागलं.

म्हणून मी दोनशे पानी वही केली आहे. एका माणसाला दोन पानं. नाव, हाक मारायचं नाव, बाईचं माहेर, हाताला काय कसब होतं, कुणाशी भांडण होतं, काय आवडीनं खायचं, आणि एक तरी वाक्य त्याच्या तोंडचं जसंच्या तसं. घरच्यांना विचारूनच लिहिते. काहींनी फेसबुकवर नाव नको म्हटलं म्हणून वर कुणाचंच नाव घेतलं नाही, वहीत सगळ्यांची आहेत. मला गावातल्या शिकलेल्या पोरांना सांगायचंय की फ्लेक्सला जे पैसे घालता त्यातले थोडे वाचवा, आणि तेराव्याच्या आत एक संध्याकाळ त्या घरातल्या म्हाताऱ्या बायांजवळ मोबाईलचं रेकॉर्डिंग लावून बसा. तेराव्यापर्यंत माणसं बोलतात. नंतर कामाला लागतात. आणि वस्तीवर जा, तांड्यावर जा, मशिदीमागच्या गल्लीत जा. नुसत्या पाटलाच्या वाड्यातून गाव गोळा होत नाही. नानांनी मला मागच्या दिवाळीत नऊ विहिरींची खोली सांगितली होती, मी ती वहीच्या मागच्या पानावर उतरवली. बाकीच्या विहिरींचं विचारायचं 'पुढच्या खेपेला' म्हणून राहिलं.

अक्काच्या दहाव्यानंतर तिच्या थोरल्या सुनेनं माळ्यावरून तीन गाडगी खाली काढली. तोंडाला फडकं बांधलेली, आत राख आणि ज्वारी. कुठल्या गाडग्यात काय, हे कुणालाच सांगता येईना. दाणे तळहातावर घेऊन आम्ही दोघी बराच वेळ बसलो. एक टपोरा, मोत्यासारखा, तो मालदांडी म्हणून आम्ही ओळखला. बाकीच्या दोन्हींत फरक दिसत होता, पण नाव येत नव्हतं. जिला सासूनं सुखानं जगू दिलं नव्हतं तीच म्हणाली, 'पेरून बघू. नासंल न्हाईतर.' हस्ताच्या शेवटी तिनं बांधाकडेला दोन-दोन ओळी पेरल्या.

परवा वेळ अमावस्येला भज्जी-आंबील घेऊन आम्ही रानात गेलो. मालदांडी निसवली आहे, कणसं बाहेर पडलीत. दुसरीची कणसं मोकळी, थोडी वाकलेली, दाणा दुधात आहे, चुलत भाऊ म्हणतो गुळभेंडीच. तिसरी सगळ्यांत उशिरा आली, अजून पोटरीत आहे, कणीस बाहेर पडलेलं नाही. पानाची शीर थोडी तांबूस, ताट बारीक. फोटो खाली टाकलाय. मंगळवेढा, सांगोला, मोहोळ भागातल्या कुणाच्या आजीनं, चुलतीनं अशी ज्वारी पेरलेली आठवत असेल तर तिचं नाव कळवा. सून रोज विचारते आहे.