बाजार तारखेवर चालतो, बाळ वजनावर

आया ऑनलाइन भावनेच्या भरात खरेदी करतात, असं म्हणायची फॅशन आहे. मला ते अजिबात पटत नाही. घरातली सगळ्यात हिशेबी खरेदी आईचीच असते. काय संपलं, काय परवा संपेल, कोणाचं माप बदललं हे तिला विचारावं लागत नाही. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. त्यांना हवी असते एकच गोष्ट, तिची ड्यू डेट, म्हणजे बाळंतपणाची अपेक्षित तारीख.

कारण साधं आहे. माणूस नेहमीचं दुकान सहसा बदलत नाही, पण घरात बाळ येतं तेव्हा सगळ्या सवयी विस्कटतात आणि त्या काळात ज्याने गाठलं तो पुढची काही वर्षं टिकतो. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत अँड्र्यू पोल या संख्याशास्त्रज्ञाने साधारण 25 वस्तूंच्या खरेदीवरून गरोदरपणाचा अंदाज बांधला होता, हे 2012 मध्ये जगजाहीर झालं. बिनवासाचं लोशन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकच्या गोळ्या, नंतर कापसाचे बोळे. बायका बिचकू नयेत म्हणून बाळाच्या वस्तूंच्या कूपनांत गवत कापायच्या यंत्राचं कूपनही मुद्दाम घुसवलं जाई. आता एवढी डोकेफोड लागत नाही. गरोदरपणाच्या अ‍ॅपमध्ये आपण ती तारीख स्वतःच भरतो.

आणि डायपर? तो फुगीर, पाठवायला महाग, नफा किरकोळ. तरीही 2010 मध्ये अ‍ॅमेझॉनने डायपर्स डॉट कॉमची मालक कंपनी सुमारे 54.5 कोटी डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं (2017 मध्ये ते संकेतस्थळ बंदही करून टाकलं). पैसा डायपरमध्ये नसतो. डायपरसाठी दर आठवड्याला येणारी आई बाकीचंही तिथूनच घेते, पैसा त्यात असतो.

आता मुद्द्याचं. बाजाराचं कॅलेंडर महिन्यांवर चालतं: '0 ते 3 महिने', '3 ते 6 महिने'. बाळ मात्र वजनावर चालतं. तीन किलोचं बाळ पहिल्या काही दिवसांत थोडं वजन गमावतं, मग पहिले तीन महिने रोज साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. म्हणजे सगळ्यात लहान मापाचे डायपर जेमतेम दीड-दोन महिने पुरतात, मोठ्या बाळाला त्याहूनही कमी. बाळ यायच्या आधीच सवलतीत त्या मापाचे चार मोठे पॅक मागवले की निम्मे पडून राहतात. दिवसाला 8 ते 10 धरा आणि एका वेळी दहा-बारा दिवसांचा साठा ठेवा, जास्त नको. सीलबंद पॅक परत घेतात का, हे मागवण्याआधी वाचा. अनेक ठिकाणी डायपर परतीच्या यादीत नसतात.

माप बदलायची वेळ वयावरून ठरवू नका. मांडीवर लाल वळ उठतात, चिकटपट्ट्या ओढूनही मधोमध पोहोचत नाहीत, गळती पाठीकडून वर येते, ही खूण. दोन मापांच्या वजनमर्यादा एकमेकींत शिरलेल्या असतात. बाळ मधल्या पट्ट्यात असेल तर मोठं माप घ्या.

सबस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे ठरावीक अंतराने आपोआप येणाऱ्या ऑर्डरमध्ये, घोळ होतो तो इथेच. पाच-सहा टक्के वाचतात म्हणून महिन्याची डिलिव्हरी लावली जाते आणि तिसऱ्या महिन्यात जुनंच माप दारात येऊन पडतं. दिवसाला सहा लागत असतील तर 60 चा पॅक दहा दिवस जातो. अंतर त्या हिशेबाने निवडा. पुढची ऑर्डर निघण्याच्या चार दिवस आधी मोबाइलवर आठवण लावा. त्या दिवशी माप तपासायचं आणि किंमतही, कारण सवलतीची टक्केवारी तीच राहते पण मूळ किंमत गुपचूप चढते. भाव नगावर काढायचा, पॅकवर नाही. 'दोनचा संच' दोन सुट्या पॅकपेक्षा महाग असतो, हे सर्रास दिसतं.

आयांची कार्ट म्हणजे खरं तर यादी असते. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने रात्री भरलेली. रात्री खुशाल भरा, पैसे सकाळी द्या. त्यासाठी कार्ड सेव्ह न करणं हा एकच उपाय मला खात्रीचा वाटतो. भरून सोडलेल्या कार्टवर कधीकधी एक-दोन दिवसांत कूपन येतं, हा वरचा फायदा.

रिव्ह्यूबद्दल मी जरा कडक आहे. बहुतेक रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले, आनंदातले. 2009 पासून विकला गेलेला फिशर-प्राइसचा 'रॉक एन प्ले' हा तिरका झोपाळा पालकांचा लाडका होता. 2019 मध्ये 30 हून जास्त मृत्यूंच्या नोंदीनंतर सुमारे 47 लाख नग परत मागवावे लागले. तिरक्या जागेत बाळाची मान छातीवर झुकते किंवा बाळ पालथं होतं, आणि श्वास कोंडतो. थकलेल्या आईने 'बाळ शांत झोपलं' म्हणून पाच तारे दिले, तर ते झोपेला असतात, सुरक्षिततेला नाही. झोपण्याची वस्तू सपाट आणि कडक असली पाहिजे, तारे कितीही असोत. बाकी वस्तूंसाठी नवीनतम रिव्ह्यू आधी लावा, तीन तारेवाले वाचा, आणि फोटोतली वस्तू हीच आहे का ते बघा. एकाच पानावर सगळ्या मापांचे, कधीकधी वेगळ्याच वस्तूचेही रिव्ह्यू एकत्र केलेले असतात.

'माझा कोड वापरा' म्हणणाऱ्या मॉम इन्फ्लुएन्सरचा कोड ही आधी तिच्यामार्फत झालेल्या विक्रीची नोंद आहे, सवलत नंतर. त्यात गैर काही नाही, फक्त कोड न टाकता किंमत काय होते ते एकदा पाहा.

शेवटी, ती तारीख परत कशी घ्यायची. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका महिला पत्रकाराने टेक कंपन्यांना जाहीर पत्र लिहिलं होतं: आपलं बाळ मृत जन्मलं तरी बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती थांबेनात. फेसबुकवर आता सोय आहे. सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, अ‍ॅड प्रेफरन्सेस, अ‍ॅड टॉपिक्स, तिथे 'पॅरेंटिंग' शोधून 'सी लेस'. गूगलच्या माय अ‍ॅड सेंटरमध्येही गरोदरपण आणि पालकत्वाचे विषय कमी करता येतात. पण एवढ्याने जाहिराती फक्त कमी होतात. अ‍ॅपमधली तारीख, बाळासाठी ऑनलाइन बनवलेल्या भेटवस्तूंच्या यादीतली तारीख आणि दुकानाच्या खात्यातली बाळाची माहिती या तिन्ही नोंदी वेगवेगळ्या असतात आणि तीन वेगळ्या ठिकाणी जाऊन पुसाव्या लागतात. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर खातं तसंच राहतं, म्हणून आधी आतून खातं डिलीट करा, मग अ‍ॅप काढा.