रस्त्याचा पैसा बागेत

दरवर्षी तेच! रस्त्याच्या नावानं निधी येतो आणि उभी राहते बाग. कारंजं, पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, वर कोनशिला. बागेला माझा विरोध नाही, पोरांना खेळायला जागा हवीच. पण तिचा पैसा तिच्या खात्यातून येऊ द्या ना!

पेट्रोल-डिझेलवरचा उपकर २००० च्या कायद्यानं रस्त्यांसाठी राखला होता. २०१८ मध्ये तो जमा होतो त्या केंद्रीय रस्ते निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' जोडल्या आणि कामांची यादी लांबली. भरतो मात्र आम्हीच, ट्रॅक्टरच्या डिझेलवरसुद्धा. इकडे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड लेकरासारखा जपत गाडीत रचायचा, आणि खड्ड्यात चाक आदळलं की सालीवर काळे डाग. व्यापारी डागावर बोट ठेवतो न् भाव पाडतो. ते नुकसान कोण भरून देणार?

विचारलं की उत्तर ठरलेलं: "बाग रस्त्यालगतच आहे ना, भाऊ!" अरे, मग आधी रस्ता तर करा! सातपुड्याच्या पायथ्याहून अडलेली बाई घेऊन रुग्णवाहिका कशी येते, ते एकदा तिच्या मागच्या बाकावर बसून बघा.