मुंगीच्या अक्षरातला कायदा

कपाशीसाठी आणलेल्या औषधाच्या खोक्यात निघालेले घडीपत्रक काल भिंग घेऊन वाचावे लागले, आणि तेव्हापासून डोके ठणकते आहे. कीटकनाशके कायदा 1968चा, त्याखालचे नियम 1971चे. माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावे, विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग बाटलीवर छापावा, फवारणाऱ्याला संरक्षक कपडे मिळावेत, हे सगळे त्यांत लिहिलेले आहे. कंपनीने मुंगीएवढ्या अक्षरांत मराठी छापली की तिच्यापुरता नियम पाळला गेला. ती आमच्या सालगड्याला वाचता येते का, हे विचारणारा निरीक्षक मी आजवर शेताच्या बांधावर पाहिलेला नाही.

कोणत्या पिकावर, किती प्रमाणात फवारायचे हे केंद्र सरकारची फरीदाबादची कीटकनाशक नोंदणी समिती ठरवते म्हणे. प्रत्यक्षात ते कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर ठरते. “दादा, यात हे टॉनिक आणि हे दुसरे औषधही टाका, सगळे टाकतात,” असे सांगून तीन बाटल्या पुढे सरकवल्या जातात, त्या मिश्रणाला कुणाची मंजुरी आहे हे विचारले तर दुकानदार हसतो, आणि पक्के बिल मागितले की त्याला अचानक दुसरे गिऱ्हाईक आठवते. बिल नसले की बनावट औषधाची तक्रार करायची कशाच्या आधारावर?

2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तेव्हाही बोट त्यांच्याकडेच वळले : मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर पंप घेऊन तो प्लॅस्टिकचा पोशाख तासभर तरी घालून दाखवावा, असे उपदेश करणाऱ्यांना माझे जाहीर आव्हान आहे. आणि तो पोशाख रोजंदारीच्या मजुराला द्यायचा कोणी, यावर मालक, दुकानदार आणि कंपनी तिघेही एकमेकांकडे पाहतात.

राज्य सरकारला तरी हात कुठे मोकळे आहेत? याच कीटकनाशके कायद्याच्या कलम 27 खाली एखाद्या औषधाची विक्री थांबवता येते ती 60 दिवस, चौकशी अपुरी राहिली तर आणखी 30. कायमची बंदी दिल्लीच्या हाती. नव्या कायद्याची विधेयके 2008 आणि 2020 साली संसदेत मांडली गेली. माझ्या खोक्यातले घडीपत्रक अजून 1968च्याच कायद्याखाली छापले जाते आहे.